‘बट’च्या पलीकडचे इंग्रजी

अपेक्षा एक असते आणि घडते भलतेच. हे मराठीत सांगताना आपली जीभ कधी अडखळत नाही. इंग्रजीत सांगायची वेळ आली की मात्र बहुतेकांची गाडी ‘बट’ या एकाच स्टेशनवर थांबते. ती पुढे कशी न्यायची?

१४ ऑगस्ट १९४८. लंडनच्या ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या कारकिर्दीतला शेवटचा कसोटी डाव खेळायला उतरले. कसोटी सामन्यांतली सरासरी बरोबर शंभर व्हायला त्यांना अवघ्या ४ धावा हव्या होत्या. एरिक हॉलीज या फिरकी गोलंदाजाचा पहिला चेंडू त्यांनी खेळून काढला. दुसरा गुगली निघाला आणि ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडाला. ऑस्ट्रेलियाने तो सामना डावाने जिंकल्यामुळे दुसऱ्यांदा फलंदाजी करायची वेळच आली नाही. सरासरी कायमची ९९.९४ वर थांबली.

हा प्रसंग मराठीत एका वाक्यात सांगायचा तर आपण म्हणू, ‘‘चार धावा हव्या होत्या आणि गडी शून्यावर बाद!’’ यातला ‘आणि’ नुसता जोडणारा ‘आणि’ नाही. आश्चर्य, हळहळ, दैवाचा खेळ असे सगळे त्या दोन अक्षरांत आले. ऐकणाऱ्यालाही ते न सांगता कळते.

हेच वाक्य इंग्रजीत करायला सांगा. दहापैकी नऊ जण ‘ही वॉन्टेड फोर रन्स बट ही वॉज आउट’ असे म्हणतील. वाक्य चुकीचे नाही, पण त्यातला जीव गेला. इंग्रज माणूस कदाचित म्हणेल, ‘ही वॉक्ड आउट नीडिंग जस्ट फोर रन्स, ओन्ली टु बी बोल्ड फॉर अ डक.’ इथे ‘ओन्ली टु’ या दोन छोट्या शब्दांनी मराठीतल्या त्या ‘आणि’चे काम चोख केले आहे. ‘एवढे सगळे जमून आले, आणि शेवटी काय, तर हे!’ असा त्याचा भाव.

इंग्रजीत असे वाक्यप्रयोग डझनांनी आहेत. आपल्या अभ्यासक्रमात त्यांतले दोन-चार येतात, तेही ‘वाक्य रूपांतर करा’ या प्रश्नापुरते. परीक्षा संपली की ते विसरले जातात आणि ‘बट’ तेवढा हाताशी उरतो.

जरी-तरीची जोडी आणि इंग्रजीचा एकटा जीव

मराठी माणसाची इंग्रजीतली सर्वांत ठरलेली चूक कोणती? ‘दो ही इज रिच, बट ही इज नॉट हॅपी.’ मुलाखतीत, अर्जात, शाळेच्या निबंधात, अगदी वर्षानुवर्षे इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या कचेऱ्यांतही हे वाक्य भेटते. हिंदी, गुजराती, बंगाली बोलणारेही तीच चूक करतात.

याचे मूळ आपल्याच भाषेत आहे. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो. ‘जरी तो श्रीमंत आहे, तरी सुखी नाही.’ शाळेच्या व्याकरणात आपण यांना संकेतबोधक अव्यये म्हणून शिकलो. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा अशा जोड्या आपल्या भाषांच्या स्वभावातच आहेत. एकटा ‘जरी’ आपल्या कानाला अर्धवट वाटतो आणि पुढचा ‘तरी’ बोलणाऱ्याच्या तोंडात आपोआप येतो. इंग्रजी बोलताना त्याच जागी मग ‘बट’ येऊन बसतो.

इंग्रजीचा हिशेब वेगळा. तिथे ‘ऑलदो’ किंवा ‘दो’ एकट्यानेच दोन्ही वाक्यांचा भार उचलतो. ‘ऑलदो ही इज रिच, ही इज नॉट हॅपी.’ नाहीतर ‘ही इज रिच, बट ही इज नॉट हॅपी.’ दोघांपैकी एकालाच बोलवायचे. दोघे एकत्र आले की इंग्रजी कानाला ते एका पायात दोन चपला घातल्यासारखे वाटते.

एक अपवाद मात्र आहे. ‘दो’च्या जोडीला ‘येट’ चालतो. जुन्या इंग्रजीत ही जोडी सर्रास दिसते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात तर ती जोडीने येणाऱ्या अव्ययांत दिलेली आहे. यातले रेन म्हणजे पी. सी. रेन. मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेले हे गृहस्थ. व्याकरणाचे रुक्ष पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाला जगात नाव मिळाले ते १९२४ साली आलेल्या ‘बो जेस्ट’ या साहसी कादंबरीमुळे!

आजच्या इंग्रजीत ‘दो-येट’ ही जोडी जरा पुस्तकी वाटते, चूक मात्र ठरत नाही. ज्यांना जोडीशिवाय चैनच पडत नाही, त्यांनी ‘बट’ऐवजी ‘येट’ वापरावा.

‘असूनही’साठी काय?

‘जरी-तरी’ खेरीज मराठीत आणखी एक सुटसुटीत सोय आहे. ‘श्रीमंत असूनही’, ‘पाऊस असतानाही’, ‘पाच वेळा नाव जाऊनही’. क्रियापदालाच ‘ही’ जोडून आपण मोकळे होतो. इंग्रजीत याच्या सर्वांत जवळचे शब्द म्हणजे ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’.

उदाहरण घ्या. महात्मा गांधींचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ असे पाच वेळा सुचवले गेले, पण पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. इंग्रजीत हे असे होईल : ‘डिस्पाइट बीइंग नॉमिनेटेड फाइव्ह टाइम्स, गांधी नेव्हर वन द प्राइझ.’

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे ‘डिस्पाइट ऑफ’. ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ असतो, म्हणून आपण तो ‘डिस्पाइट’लाही चिकटवतो. तो तिथे नको. दुसरा खड्डा यापेक्षा खोल. ‘डिस्पाइट ही वॉज इल’ असे म्हणता येत नाही. ‘डिस्पाइट’च्या पुढे पूर्ण वाक्य येत नाही, नाम येते किंवा ‘इंग’ लावलेले रूप येते : ‘डिस्पाइट हिज इलनेस’ किंवा ‘डिस्पाइट बीइंग इल’. पूर्ण वाक्यच घालायचे असेल तर ‘ऑलदो’ला बोलवा. सोपी खूण अशी, की मराठीत ‘असूनही’ म्हणता आले तर ‘डिस्पाइट’ आणि ‘जरी’ म्हणावे लागले तर ‘ऑलदो’.

बीथोवन यांची नववी सिंफनी १८२४ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली, तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. ‘डिस्पाइट हिज डेफनेस’ म्हटले की संपले. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २५ जून रोजी लॉर्ड्‌सवर भारताचा डाव १८३ धावांत आटोपला होता आणि समोर सलग दोन वेळा जगज्जेता ठरलेला वेस्ट इंडीजचा संघ होता. तरीही भारत ४३ धावांनी जिंकला. ‘इन स्पाइट ऑफ स्कोअरिंग ओन्ली १८३, इंडिया वन.’ आपल्या मुलांना हे प्रयोग शिकवायचे असतील तर अशीच उदाहरणे घ्या. राम, श्याम आणि त्यांची छत्री यांना आता थोडी विश्रांती द्यायला हरकत नाही.

एकच ‘तरी’, दोन अर्थ

आता जरा नाजूक भागाकडे वळू. ही दोन वाक्ये पाहा. ‘पाऊस पडला तरी आम्ही गेलो.’ ‘पाऊस पडला तरी आम्ही जाऊ.’ पहिल्यात पाऊस खरोखर पडून गेला आहे. दुसऱ्यात तो पडेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. मराठीत दोन्हीकडे ‘पडला तरी’ हेच शब्द आहेत. फरक कळतो तो शेवटच्या क्रियापदावरून.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे प्रयोग आहेत. घडलेल्या गोष्टीसाठी ‘इव्हन दो’ आणि न घडलेल्या, कदाचित घडेल अशा गोष्टीसाठी ‘इव्हन इफ’. मराठी माणूस दोन्हीकडे ‘इव्हन इफ’ वापरून टाकतो आणि इथे नुसते व्याकरण चुकत नाही, मजकूरच बदलतो.

नोकरीच्या अर्जात एखाद्या उमेदवाराने लिहिले, ‘इव्हन इफ आय हॅव फाइव्ह इयर्स एक्सपिरियन्स, आय ॲम रेडी टु स्टार्ट ॲट अ ज्युनिअर पोस्ट.’ त्याला म्हणायचे आहे, ‘पाच वर्षांचा अनुभव असूनही मी खालच्या जागेवर सुरुवात करायला तयार आहे.’ वाचणाऱ्याला मात्र वाटते, ‘अनुभव असला तरी, म्हणजे आहे की नाही?’ एका शब्दाने पाच वर्षांच्या कामावर संशयाची सावली पडली. ‘इव्हन दो’ लिहिले असते तर तीच नम्रता उठून दिसली असती.

श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. गणितापायी इतर विषयांकडे दुर्लक्ष झाले आणि ते कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले. तरीही १९१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. नापास होणे ही घडलेली गोष्ट, म्हणून इथे ‘इव्हन दो’च हवा.

‘उलट’ कोणत्या बाजूने?

असाच दुसरा गोंधळ ‘उलट’ या शब्दाचा. मराठीत तो दोन कामे करतो. ‘तो आजारी आहे का?’ ‘छे, उलट ठणठणीत आहे!’ इथे समोरच्याचे म्हणणे खोडून काढले. ‘मुंबईची हवा दमट, उलट पुण्याची कोरडी.’ इथे काहीच खोडले नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक दाखवला.

इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ऑन द कॉन्ट्ररी’ आणि दुसऱ्यासाठी ‘ऑन द अदर हँड’ किंवा ‘व्हेअरॲज’ येतो. ‘माझा थोरला मुलगा अभ्यासू आहे. ऑन द कॉन्ट्ररी, धाकटा खेळाडू आहे’ हे वाक्य इंग्रजी कानाला विचित्र लागते. कोणाचे काय खोटे ठरवले, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. थोरल्या-धाकट्याच्या तुलनेत ‘ऑन द अदर हँड’ हवे. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ राखून ठेवायचे ते ‘छे, मुळीच नाही, उलट...’ असे म्हणताना.

आश्चर्याचे खास मसाले

स्वयंपाकात मीठ प्रत्येक पदार्थात लागते, तसा ‘बट’ लागणारच. पण नुसत्या मिठावर स्वयंपाक होत नाही. पुढचे प्रयोग हे खास मसाले. बेताने वापरले तर बोलण्याला चव आणतात.

फॉर ऑल. ‘फॉर ऑल हिज मनी, ही इज लोनली.’ अनेक जण याचा अर्थ ‘त्याचा पैसा सर्वांसाठी’ असा लावतात. खरा अर्थ ‘एवढा पैसा असून काय उपयोग, शेवटी एकटाच.’ मराठीतला ‘एवढा... असून’ म्हणजेच हा ‘फॉर ऑल’. चेरापुंजीचेच पाहा. १८६०च्या ऑगस्टपासून १८६१च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत तिथे २६ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. तो जागतिक विक्रम आहे. पण उतारांवरून पाणी वाहून जाते आणि हिवाळ्यात तिथल्या बायाबापड्यांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ‘फॉर ऑल इट्स रेन’ हे शब्द या गावासाठीच घडवले असावेत असे वाटते.

लेट अलोन. मराठीत ‘सोडाच’, ‘दूरच’, ‘राहो बाजूला’. इथे एक गंमत आहे. मराठीत आपण मोठी गोष्ट आधी सांगतो : ‘धावणे सोडाच, त्याला चालताही येत नाही.’ इंग्रजीत क्रम नेमका उलटा. छोटी गोष्ट आधी, मोठी नंतर : ‘ही कान्ट वॉक, लेट अलोन रन.’ मराठीच्या क्रमाने इंग्रजी वाक्य केले तर अर्थाची उलटापालट होते.

फार फ्रॉम. ‘फार फ्रॉम बीइंग अँग्री, शी लाफ्ड.’ ‘रागावणे दूरच, ती चक्क हसली.’ इथे मात्र क्रम मराठीसारखाच राहतो.

ऑफ ऑल. ‘टुडे, ऑफ ऑल डेज!’ म्हणजे ‘नेमका आजच!’ पाहुणे जेवायला यायचे आणि नेमका त्याच दिवशी गॅस संपायचा, हा अनुभव कुणाला नाही? ‘ऑफ ऑल पीपल’ म्हणजे ‘सगळे सोडून तो?’ किंवा ‘आणि तेही कुणी करावे?’ मराठीतला ‘नेमका’ इंग्रजीत कसा आणायचा, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे उत्तर.

बिलीव्ह इट ऑर नॉट. ‘खरे वाटणार नाही, पण...’ अंटार्क्टिका खंड बर्फाने झाकलेला आहे. तरी तिथे पाऊस-बर्फ इतका कमी पडतो, की भूगोलाचे अभ्यासक त्याला वाळवंटच मानतात. अशी माहिती सांगताना हा प्रयोग शोभतो. ‘बिलीव्ह इट ऑर नॉट, आय हॅड टी टुडे’ असे म्हटले तर ऐकणारा पुढच्या चमत्काराची वाट पाहत बसेल.

आयरॉनिकली. हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. दोन मैत्रिणींनी लग्नात एकाच रंगाच्या साड्या नेसल्या तर तो योगायोग झाला, ‘आयरनी’ नव्हे. हेतू एक आणि फळ त्याच्या नेमके विरुद्ध, असे असेल तिथे हा शब्द. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले. त्या आणि तशा उद्योगांतून मिळालेल्या संपत्तीतूनच शांततेचे पारितोषिक उभे राहिले आणि १९०१ पासून दिले जाऊ लागले. इथे ‘आयरॉनिकली’ म्हणायला पूर्ण मुभा आहे.

ॲक्च्युअली. मराठी बोलण्यात घुसलेला सर्वांत लाडका इंग्रजी शब्द. ‘ॲक्च्युअली ना, मी काल आलेच नाही.’ श्वास घ्यायला थांबावे तसा तो आपण वापरतो. इंग्रजीत या शब्दामागे ‘तुम्हाला वाटते तसे नाही, खरे वेगळेच आहे’ असा भाव असतो. म्हणून वरिष्ठांच्या प्रत्येक वाक्यानंतर ‘ॲक्च्युअली’ने सुरुवात केली तर आपण त्यांची प्रत्येक गोष्ट दुरुस्त करतो आहोत असे त्यांना वाटू शकते.

विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट. शब्दशः पाहिले तर ‘तुमच्याबद्दल पूर्ण आदर राखून’. पण याच्या पाठोपाठ आदर येत नाही, विरोध येतो. वकिलांच्या आणि सभांच्या भाषेत तो शोभतो. घरी सासूबाईंना किंवा कचेरीत साहेबांना हे शब्द म्हणण्याआधी पुढचे वाक्य दोनदा मनात घोळवावे!

शब्दांच्या पोटात दडलेले

या शब्दांच्या जन्मकथाही ऐकण्यासारख्या आहेत. ‘बट’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘बुटान’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ होता ‘बाहेर’, ‘वगळून’. ‘ऑल बट वन’ म्हणजे ‘एक वगळता सगळे’, यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ‘डिस्पाइट’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ ‘वरून खाली पाहणे’, म्हणजे तुच्छ लेखणे. ‘डिस्पाइट द रेन’ म्हणताना आपण एका अर्थी पावसाला तुच्छ लेखून घराबाहेर पडतो. ‘ऑलबीइट’ हा भारदस्त शब्द म्हणजे ‘ऑल बी इट’ या तीन शब्दांची गाठ : ‘असेना का तसे’. आणि ‘नॉटविदस्टँडिंग’ म्हणजे ‘आडवे उभे न राहता’.

हा शेवटचा शब्द आपल्या खिशाला चिकटलेला आहे. कायद्याच्या भाषेत त्याच्याइतका बलवान शब्द क्वचितच असेल. भारतीय संविधानाच्या ३६८व्या अनुच्छेदात संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे. १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीनंतर त्याच्या पहिल्या खंडाची सुरुवात ‘नॉटविदस्टँडिंग’नेच होते. अर्थ असा, की या संविधानात इतरत्र काहीही असले तरी पुढे जे लिहिले आहे ते चालेल.

संविधान दूरचे वाटेल, पण हाच शब्द आपल्या घराच्या भाडेकरारात, विम्याच्या पॉलिसीत, कर्जाच्या कागदांत बारीक अक्षरांत बसलेला असतो. समजा, करारात चौथ्या कलमात लिहिले आहे की भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस दिली जाईल. पुढे अकराव्या कलमाची सुरुवात ‘नॉटविदस्टँडिंग एनिथिंग कन्टेन्ड अबव्ह’ अशी आहे आणि भाडे थकल्यास पंधरा दिवसांत जागा सोडावी लागेल असे त्यात म्हटले आहे. भाडे थकले तर चौथ्या कलमाकडे बोट दाखवण्याचा फारसा उपयोग नाही. अकरावे कलम त्याच्यावर मात करण्यासाठीच लिहिलेले आहे.

याच्या अगदी विरुद्ध प्रयोग ‘सब्जेक्ट टु’, म्हणजे ‘च्या अधीन राहून’. ज्या कलमाची सुरुवात ‘सब्जेक्ट टु क्लॉज फोर’ अशी असेल, ते चौथ्या कलमापुढे नमते घेते. आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ने सुरू होणारे वाक्य म्हणजे आधी दिलेल्यातून काही काढून घेणारी किंवा त्याला अट घालणारी पुरवणी. आपल्या कायद्याच्या मराठीत तिला फार सुंदर नाव आहे : ‘परंतुक’. सही करण्याआधी कागदात हे तीन प्रयोग तेवढे शोधून त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक सगळे आश्चर्याचे धक्के तिथेच दडलेले असतात. कळले नाही तर जाणत्याला विचारा, पण विचारल्याशिवाय सही करू नका.

‘पण’च्या नंतरचेच लक्षात राहते

भाषेचा हा खेळ केवळ इंग्रजीपुरता नाही. विरोध दाखवणाऱ्या शब्दाच्या कोणत्या बाजूला काय ठेवायचे, यावर सारा अर्थ फिरतो.

मुलगी निकाल घेऊन घरी येते. वडील म्हणतात, ‘‘गुण छान आहेत, पण गणितात कमी पडलेत.’’ मुलीच्या कानात काय राहिले? ‘कमी पडलेत.’ आता तेच शब्द उलटे ठेवा. ‘‘गणितात कमी पडलेत, पण गुण छान आहेत.’’ माहिती तीच, तिच्या पाठीवरची थाप मात्र वेगळी. ‘पण’च्या आधीचे पुसले जाते आणि नंतरचे मनात उरते. मराठीत जसे, तसेच इंग्रजीत.

म्हणूनच ‘ऑलदो’ची मदत मोठी आहे. तो ज्या वाक्याला चिकटतो त्याला दुय्यम करतो. ‘ऑलदो यू वेअर लेट, युअर वर्क वॉज एक्सलंट.’ उशीर झाला हे सांगितले, पण कौतुकाला वरचे आसन दिले. मुलाखतीत ‘तुमची कमतरता कोणती?’ असे विचारले तर हाच क्रम कामी येतो. ‘ऑलदो आय स्टडीड इन अ मराठी मीडियम स्कूल, आय हॅव रिटन ऑल माय रिपोर्ट्स इन इंग्लिश फॉर थ्री इयर्स.’ कमतरता लपवली नाही, पण शेवटी उरले ते केलेले काम. हेच वाक्य ‘बट’च्या चुकीच्या बाजूला ठेवून म्हणा, ‘तीन वर्षे इंग्रजीत अहवाल लिहिले, बट मी मराठी माध्यमाचा.’ स्वतःच्या हातांनी स्वतःचे गुण कापून घेतल्यासारखे होते.

आणि मराठी माध्यमाचा उल्लेख कमतरता म्हणून करायचाच कशाला, असाही प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधीच्या पिढीची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडे. त्या पिढीतल्या असंख्य माणसांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पाने घोटून इंग्रजी आपलेसे केले आणि त्याच इंग्रजीत बँका, कचेऱ्या, न्यायालये चालवली. त्यांची पद्धत साधी होती. आधी मराठीत नेमके काय म्हणायचे ते ठरवायचे, मग त्याला शोभेल असा इंग्रजी प्रयोग शोधायचा.

आजही ती पद्धत जुनी झालेली नाही. ‘बट’ तोंडावर आला की क्षणभर थांबा. मराठीत इथे आपण काय म्हणालो असतो, हे मनाला विचारा. ‘असूनही’? मग ‘डिस्पाइट’. ‘नेमका’? मग ‘ऑफ ऑल’. ‘सोडाच’? मग ‘लेट अलोन’, आणि क्रम उलटा. ‘छे, उलट’? मग ‘ऑन द कॉन्ट्ररी’. दिवसाला एक प्रयोग घ्या आणि त्याची तीन वाक्ये घरातल्याच गोष्टींवर करा. मुलांबरोबर रात्री जेवताना हा खेळ चांगला रंगतो. क्रिकेटचा सामना, शेजारचे लग्न, चुकलेली बस यांतले काहीही विषय म्हणून चालेल.

महिन्याभरात लक्षात येईल, की इंग्रजीसाठी लागणारे अर्धे भांडवल आपल्याजवळ आधीपासूनच आहे. ‘चक्क’, ‘नेमका’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘असूनही’, ‘सोडाच’ अशी बारीक छटांची श्रीमंती ज्या भाषेत आहे, ती बोलणाऱ्याला इंग्रजीतल्या छटा परक्या वाटण्याचे कारण नाही. फक्त एका ‘बट’वर सगळा संसार चालवायची सवय तेवढी सोडायला हवी.